रेव्हरंड माइल्स जोसेफ बार्कली : करप्याचे मूळ शोधणारे पाळक

चार दिवस झड लागली, आभाळ हटेना आणि वाफ्यातील हिरवीगार झाडे काळी पडू लागली, म्हणजे खेड्यातील मनुष्य म्हणतो की, हवा बिघडली. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. रोग हवेतून उपजतो, की रोगाचे बीज निराळेच असून हवा त्यास केवळ साह्य करिते, ह्या प्रश्नावर सुमारे १८० वर्षांपूर्वी युरोप खंडात मोठा वाद माजला होता. लाखो गोरगरिबांच्या तोंडचा घास त्या वादात गुंतलेला होता. त्यात खरी बाजू ज्यांनी निश्चयाने मांडली, ते कोणी मोठ्या विद्यापीठातील पंडित नसून इंग्लंडातील दोन लहान खेड्यांच्या मंडळ्यांचे पाळक होते. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण ज्याच्या दारी चार वांग्यांची, टोमॅटोची किंवा बटाट्याची झाडे आहेत, अशा प्रत्येकास त्यातून काही घेण्यासारखे आहे.

माइल्स जोसेफ बार्कली ह्यांचा जन्म इ. स. १८०३ च्या एप्रिल महिन्याच्या १ तारखेस नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात औंडल गावाजवळ झाला. औंडल व रग्बी येथील शाळांत शिकून ते केंब्रिज येथील ख्राइस्ट्स कॉलेजात गेले व १८२५ साली पदवीधर झाले. पुढे त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि केंट परगण्यातील मार्गेट ह्या समुद्रकाठच्या गावी ते सहायक पाळक म्हणून काम करू लागले. शिंपल्यांतील प्राणी व समुद्रातील शेवाळ ह्यांचा त्यांस मोठा नाद होता, आणि शेवाळांवर त्यांनी एक पुस्तक १८३३ साली प्रसिद्धही केले. त्याच साली एपथॉर्प व वुड न्यूटन ह्या दोन खेड्यांचे पाळकपण त्यांजकडे आले, व जवळच्या किंग्ज क्लिफ ह्या गावी त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे त्यांनी पुढील पस्तीस वर्षे घालविली.

वेतन थोडे व परिवार मोठा, असा त्यांचा संसार होता. तोंडमिळवणीसाठी ते घरी विद्यार्थी ठेवून त्यांस शिकवीत. मंडळीची सेवा, विद्यार्थ्यांचे धडे व मुलाबाळांचा व्याप सांभाळून जो वेळ उरे, तो ते सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसून घालवीत. आता त्यांचे लक्ष समुद्रावरून रानाकडे वळले होते. कुजक्या लाकडावरील अळंबी, शेणावरील भूछत्रे, पानांवरील तांबेरा, भाकरीवर येणारी बुरशी अशा ज्या वस्तू लोक तुच्छ मानून पायाखाली तुडवितात, त्यांचे चित्र काढणे, वर्णन लिहिणे व वर्गवारी लावणे, हे काम त्यांनी अंगावर घेतले. १८३६ साली इंग्लंडातील वनस्पतींच्या एका मोठ्या ग्रंथाचा बुरशीवरील भाग त्यांनी लिहून पुरा केला, आणि ह्या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. चार्लस डार्विन ह्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेत गोळा केलेल्या बुरशीही तपासणीसाठी ह्याच खेडेगावच्या पाळकाकडे आल्या.

अशा स्थितीत १८४५ साल उजाडले. त्या सालच्या उन्हाळ्यात युरोपात हवा एकाएकी फिरली. आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन नाही, थंडी, धुके व रिपरिप पाऊस. जूनच्या अखेरीस बेल्जम देशात बटाट्याच्या पानांवर काळपट डाग दिसू लागले. पाहता पाहता सबंध शेत काळे पडे, त्यास दुर्गंधी सुटे, आणि जमिनीतील बटाटेही आतून तपकिरी होऊन सडत. तो रोग तेथून हॉलंडात व फ्रान्सात पसरला, ऑगस्ट महिन्यात इंग्लंडात उतरला आणि सप्टेंबरात आयर्लंडात पोहोचला. ह्याच्या दोनच वर्षे आधी, १८४३ साली, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो दिसला होता. जहाजांतून बटाट्यांबरोबर तो महासागर ओलांडून आला असावा, असे आता मानितात. पण त्या काळी ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

मग कारणांचा शोध सुरू झाला. कोणी म्हणाले, नव्या आगगाड्यांच्या धुराने व विजेने हवा दूषित झाली. कोणी म्हणाले, बटाट्याचा वंशच म्हातारा झाला. हा देवाचा कोप आहे, एवढे म्हणून कित्येकांनी पुढील विचारच थांबविला. विद्वानांतील वजनदार मत डॉक्टर जॉन लिंडली ह्यांचे होते. हे गृहस्थ लंडन येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असून बागाइतीच्या एका प्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादक होते. त्यांचे म्हणणे असे की, सततच्या पावसामुळे झाडांनी मुळांवाटे बेसुमार पाणी ओढून घेतले. ऊन नसल्यामुळे ते पानांवाटे बाहेर टाकता आले नाही. म्हणून झाडे आतल्या आत कुजली. पानांवर जी पांढरी बुरशी दिसते, ती कुजण्याचे कारण नव्हे, तर कुजल्यानंतर येणारे फळ होय. मेलेल्या जनावरावर गिधाडे जमतात म्हणून गिधाडांनी ते मारिले असे कोणी म्हणत नाही, तसाच हा विचार होता, आणि वरवर पाहता तो पटण्याजोगा होता.

बार्कली ह्यांनी मात्र आपले यंत्र पुढे घेतले. फ्रान्स देशात डॉक्टर मोंतान्य नावाचे एक वृद्ध लष्करी वैद्य होते. त्यांचा व बार्कली ह्यांचा बुरशीविषयी पत्रव्यवहार चालू असे. मोंतान्य ह्यांनी ऑगस्ट १८४५ मध्ये ह्या बुरशीचे वर्णन करून तिला नाव दिले होते. ह्या साह्याने व स्वतःच्या तपासणीने बार्कली ह्यांस पुढील गोष्टी दिसून आल्या. पान कुजण्याच्या आधीच, अजून जिवंत असलेल्या भागात बुरशीचे बारीक तंतू शिरलेले असतात. पानाच्या खालच्या अंगास जी श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून ते तंतू फांद्या फुटल्यासारखे बाहेर येतात व त्यांच्या टोकांस बीजकण लागतात. काळ्या डागाच्या कडेला, जेथे हिरवे व काळे ह्यांची सीमा असते, तेथेच ही पांढरी किनार दिसते. जेथे पान पुरते कुजले, तेथे ती नसते. ती कुजण्यावर उपजणारी असती, तर जेथे कूज अधिक तेथे ती अधिक दिसावयास हवी होती. शिवाय ओली वर्षे पूर्वीही अनेक होऊन गेली होती, पण असा संहार कधी झाला नव्हता. तेव्हा कूज ही बुरशीमुळे येते, बुरशी कुजीमुळे नव्हे; आणि ओली हवा ही त्या बुरशीस वाढविणारी आहे, तिला जन्म देणारी नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढिला. जानेवारी १८४६ मध्ये लंडनच्या बागायत संस्थेच्या नियतकालिकात, स्वहस्ते काढलेल्या चित्रांसह, त्यांनी हा निबंध छापविला.

ह्या निबंधात विरुद्ध पक्षाची मतेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडली होती, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वतःच्या बाजूची उणीवही त्यांस ठाऊक होती. निरोगी झाडावर ते बीज पेरून रोग उत्पन्न करून दाखविल्याखेरीज शेवटची शंका फिटणार नव्हती, आणि तसे सिद्ध करणे त्या वेळी त्यांस साधले नव्हते. म्हणून पुष्कळ विद्वानांनी त्यांचे म्हणणे मानिले नाही. हवेचेच कारण लोकांस सोपे वाटले.

परंतु ह्या वादाची किंमत दुसरेच लोक भरीत होते. आयर्लंडात त्या वेळी ८० लाखांहून अधिक वस्ती होती, आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख लोकांचे पोट जवळजवळ बटाट्यावरच अवलंबून होते. लंपर नावाची एकच जात ते बहुधा लावीत, व बटाट्याच्या फोडीपासूनच नवे झाड होत असल्यामुळे शेतोशेती जणू एकच झाड पसरलेले होते. जे एकास बाधले ते सर्वांस बाधले. १८४५ साली पिकाचा मोठा भाग गेला. सरकारने लिंडली व दुसरे पंडित आयर्लंडात पाठविले. बटाटे कोरडे कसे करावे व वारा खेळता राहील असे खड्डे कसे खणावे, ह्याच्या सूचना त्यांनी छापून वाटल्या. पण रोगाचे बीज आत शिरलेले असल्यामुळे खड्ड्यांतील बटाटेही सडले. १८४६ साली पीक जवळजवळ सर्वस्वी बुडाले. १८४७ सालचा उन्हाळा कोरडा गेला व रोग थोडा आला; परंतु लोकांनी बियाण्याचे बटाटेही खाऊन टाकिले होते, म्हणून लागवडच अल्प झाली. १८४८ साली लोकांनी मोठ्या आशेने पुन्हा लागण केली, तो उन्हाळा पुन्हा ओला गेला आणि करपा पुन्हा आला. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे उपासाने व साथींनी मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. ह्या अनर्थास केवळ बुरशीच कारण झाली असे आम्ही म्हणत नाही. लोक मरत असता त्याच देशातून धान्य बाहेर जात होते, व राज्यकर्त्यांची मदत तुटपुंजी होती. पण आरंभ त्या पांढऱ्या किनारीपासून झाला, हे खरे.

बार्कली ह्यांचे म्हणणे सिद्ध होण्यास पंधरा वर्षे लागली. १८६१ साली जर्मनीतील आंतोन दे बारी ह्या शास्त्रज्ञांनी निरोगी झाडांवर ते बीजकण टाकून रोग उत्पन्न केला. ज्या झाडांवर बीज टाकिले नाही, ती त्याच हवेत निरोगी राहिली. हवा दोघांसही सारखीच, पण बीज एकासच, असा हा निवाडा होता. दे बारी ह्यांनी १८७६ साली त्या जीवास फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा, हे नाव दिले. पुढील संशोधनाने एवढी भर पडली आहे की, हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातील नसून पाण्यातील काही शेवाळांचा दूरचा नातलग आहे. आणि त्यातच हवेचे कोडे उलगडते.

ह्या रोगाचे बीजकण वाऱ्यावर कोसच्या कोस जातात. कोरड्या उन्हात ते लवकर मरतात. ओल्या पानावर पडले, तर मात्र निराळीच गोष्ट घडते. रात्र थंड असून उष्णमान १० ते १५ अंशांच्या आसपास उतरले, म्हणजे प्रत्येक बीजकण फुटून त्यातून लहान लहान पोहणारे कण निघतात, व पानावरील दवाच्या थरात ते पोहू लागतात. थोड्या तासांत ते पानात शिरतात. हवा किंचित ऊबदार असली, तर बीजकण न फुटता त्यास सरळ अंकुर येतो. मग चारपाच दिवसांत डाग दिसतो, त्याच्या कडेला पांढरी किनार येते, आणि एकेका डागातून हजारो नवे कण वाऱ्यावर निघतात. पाऊस पडला की ते धुपून मातीत उतरतात व बटाट्यास गाठतात. आठ दिवसांत सबंध शेत काळे का होते, ह्याचे कारण हेच. उष्ण व कोरडी हवा आली की हा रोग थबकतो. अर्थात पाणी हा ह्या चोराचा रस्ता आहे. चोर मात्र दुसरा आहे.

परंतु सर्व रोगांस ओले पानच लागते असे समजणे चुकीचे होईल, आणि हा भेदही बार्कली ह्यांच्याच चरित्रात सापडतो. त्याच १८४५ साली मार्गेट येथे, जेथे त्यांनी पूर्वी सेवा केली होती तेथे, एडवर्ड टकर नावाच्या एका माळ्यास काचघरातील द्राक्षांवर राख उधळल्यासारखी पांढरी भुकटी दिसली. बार्कली ह्यांनी ती तपासून १८४७ साली तिचे वर्णन केले व त्या माळ्याचेच नाव तिला दिले. एका सामान्य माळ्याचे निरीक्षण त्यांनी झाकून ठेविले नाही. आमच्याकडील शेतकरी हिलाच भुरी म्हणतात, व नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागाइतदारांस ती चांगली ठाऊक आहे. भुरीच्या कणांस पानावर पाणी साचण्याची गरज नसते. उलट धो धो पावसाने ते नासतात. दमट रात्र, कोरडा दिवस, दाट सावली व न खेळणारा वारा, हे तिला मानवते. टकर ह्यांनी तिच्यावर गंधक व चुना वापरून पाहिला, आणि गंधक हाच पुढे तिच्यावर मोठा उपाय ठरला. तो अद्यापि चालू आहे. तेव्हा पाने कशाने खराब झाली हे पाहिल्यावाचून हवेस दोष देणे किंवा हाती येईल ते औषध मारणे व्यर्थ होय.

१८५४ पासून तीन वर्षे बार्कली ह्यांनी बागाइतीच्या साप्ताहिकात झाडांच्या रोगांवर लेखमाला लिहिली. ज्या लिंडली ह्यांशी त्यांचा वाद झाला होता, त्यांचेच ते पत्र होते. मतभेदाने मैत्री तोडावी लागत नाही, ह्याचे हे उदाहरण आहे. १८६९ साली सिलोनातून त्यांजकडे कॉफीची रोगट पाने आली. पानांच्या खालच्या अंगास नारिंगी भुकटी होती. त्यांनी व त्यांचे सहकारी ब्रूम ह्यांनी तो नवा तांबेरा म्हणून ओळखला. त्याचे बीजही ओल्या पानावरच रुजते. आणि मोसमी पावसाच्या देशात मैलोगणती एकच पीक लाविलेले असल्यामुळे सुमारे वीस वर्षांत सिलोनचे कॉफीचे मळे बसले व त्या ठिकाणी चहा आला.

१८६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस पदक दिले, आणि १८७९ साली आपल्या सभासदांत घेतले. १८६८ साली ते सिबरटॉफ्ट गावचे पाळक झाले होते. आपला आयुष्यभराचा वाळविलेल्या बुरशींचा संग्रह त्यांनी १८७९ साली क्यू येथील सरकारी बागेस अर्पण केला. सुमारे ६,००० जातींस त्यांनी नावे दिली. १८८९ सालच्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस सिबरटॉफ्ट येथे त्यांनी देह ठेविला. मरणापूर्वी चार वर्षे, १८८५ साली, फ्रान्सातील मिलार्दे ह्यांनी मोरचूद व चुना ह्यांचे मिश्रण केवड्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले, व तेच बटाट्याच्या करप्यावरही लागू पडले. कारण कळल्यापासून उपाय सापडेपर्यंत चाळीस वर्षे गेली. पण कारण कळले नसते, तर उपाय शोधावयाचा कोणत्या दिशेने, हेच कळले नसते.

आता ह्यातून आम्ही काय घ्यावे? टोमॅटोवर थंड व ढगाळ दिवसांत जो उशिराचा करपा येतो, तो आयर्लंडातील बटाट्यावर आला होता तोच. कोकणातील सुपारीच्या बागांत पावसाळ्यात कोवळी फळे गळविणारा कोळेरोग त्याच्याच कुळातील आहे. आभाळ आपल्या हाती नाही. पण पान किती वेळ ओले राहावे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. झाडे दाट लावू नयेत. ओळींतून वारा खेळू द्यावा. पाणी सकाळी व मुळाशी घालावे, संध्याकाळी पानांवर शिंपडू नये. टोमॅटोस काठीचा आधार द्यावा, म्हणजे पाने मातीस टेकणार नाहीत. बटाट्यास मातीची चांगली भर द्यावी, म्हणजे धुपून येणारे बीज गड्ड्यापर्यंत पोहोचणार नाही. युरिया बेताने घालावा. फार लुसलुशीत पाल्यात रोग लवकर शिरतो. बियाणे निरोगी घ्यावे. सडके बटाटे बांधावर टाकू नयेत, व मागील पिकाचे आपोआप उगवलेले रोप राखू नये. कारण चोर दोन हंगामांच्या मध्यंतरी तेथेच दडून बसतो. आणि सर्व बागेत एकच जात लावू नये.

बोर्डो मिश्रण करावयाचे असल्यास १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात निरनिराळे विरघळवावे. चुना गाळून घ्यावा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असावी. मिश्रणात घासलेला लोखंडी सुरा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ते रोग बरा करीत नाही, पानावर पडलेल्या बीजास रुजू देत नाही एवढेच. म्हणून फवारणी रोग दिसण्यापूर्वी, झड लागण्याच्या आधी झाली पाहिजे. आकाशाकडे पाहावयाचे ते ह्यासाठी. फवारलेली भाजी धुतल्यावाचून खाऊ नये.

खेड्याखेड्यांतून काम करणाऱ्या आमच्या सुवार्तिक बंधूंस शेवटी एकच सांगावयाचे आहे. बार्कली ह्यांजवळ प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता, फुरसत तर नव्हतीच. त्यांजजवळ होते ते पान उलटून पाहण्याचे धैर्य व सर्व लोक एक म्हणत असता डोळ्यांस दिसेल तेच सांगण्याचा प्रामाणिकपणा. आपल्या गावातील कोणी शेतकरी काळवंडलेले पान घेऊन आला, तर नशिबावर किंवा हवेवर बोट ठेवून त्यास परत पाठवू नये. ते पान उलटावे, डागाच्या कडेची किनार पाहावी, केव्हापासून दव पडते ते विचारावे, आणि जवळच्या कृषी कचेरीस ते पान दाखविण्यास त्याच्याबरोबर जावे.